जपानमध्ये नोकरी: इंजिनिअरची वाट की काइगोची?

इंग्रजी शिकवायचं नसेल तर महाराष्ट्रातून जपानला जाऊ पाहणाऱ्यांसमोर बहुधा दोन वाटा येतात. एक कंपनीतल्या इंजिनिअरची, दुसरी काइगोची, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेची. सगळे आधी पगार विचारतात. मला वाटतं, आधी विचारावं ते हे: पाच वर्षांनी आपण तिथे असू का, आणि घरचे सोबत असतील का?

इंजिनिअरचा व्हिसा पदवीवर मिळतो. पदवीचा विषय आणि काम यांचा मेळ बसावा लागतो. चांगलं जपानी येणाऱ्या कलाशाखेच्या पदवीधरांनाही याच प्रकारच्या व्हिसावर भाषांतराचं, दुभाषाचं काम मिळतं. नवरा-बायको, मुलं सोबत राहू शकतात. जोडीदाराला परवानगी काढून आठवड्याला २८ तास कामही करता येतं. उच्च कुशल व्यावसायिकांना शिक्षण, अनुभव, पगार, वय यांवर गुण देण्याची जपान सरकारची पद्धत आहे; तीत ८० गुण भरले तर एका वर्षानंतर, ७० भरले तर तीन वर्षांनंतर कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. खरी अडचण भाषेची. जपानीशिवाय आयटीत नोकरी मिळते, पण मोजक्या कंपन्यांत, आणि ती बदलायची वेळ आली की जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन २ पातळी (एन ५ सर्वांत सोपी, एन १ सर्वांत अवघड) नसल्याचं जाणवतं.

काइगोला पदवी लागत नाही. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'तोकुतेई गिनो' म्हणजे ठरावीक कौशल्याच्या व्हिसावर जाता येतं आणि भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. एन ४ किंवा त्या तोडीची भाषेची परीक्षा, काइगोच्या जपानीची वेगळी परीक्षा आणि कौशल्याची परीक्षा, एवढं पार करावं लागतं. त्याच कामाला जपानी माणसाला जो पगार मिळतो त्याहून कमी देता येत नाही. काम मात्र अंगमेहनतीचं आहे: आंघोळ घालणं, उचलून खुर्चीत बसवणं, रात्रपाळी, आणि पाळी संपताना सगळ्या नोंदी जपानीत.

या व्हिसाची मुदत साधारणपणे एकूण पाच वर्षं आणि कुटुंब नेता येत नाही. लहान मूल घरी ठेवून जाणाऱ्या आईने हे दहादा वाचावं. पण एजंट सहसा सांगत नाहीत अशी एक गोष्ट इथे आहे. तीन वर्षं काम आणि ठरलेलं प्रशिक्षण झालं की 'काइगो फुकुशिशी' या राष्ट्रीय परीक्षेला बसता येतं. उत्तीर्ण झालात तर 'काइगो' हा वेगळा निवासी दर्जा मिळतो. तो हवा तितक्या वेळा वाढवता येतो आणि कुटुंबही येऊ शकतं. परीक्षा जपानीतच असते, त्यामुळे तिचा अभ्यास पहिल्या वर्षापासून हवा. दमून आल्यावर रोज तासभर पुस्तक उघडणाऱ्यालाच ही वाट फळते.

नर्सिंग झालेल्या मुलींनी जास्त विचार करावा. काइगोवर गेलात तर तिथे तुम्ही नर्स नसता. जपानचा नर्सचा परवाना वेगळ्या राष्ट्रीय परीक्षेने मिळतो आणि परदेशी नर्सला तिला बसायला साधारणपणे एन १ लागतं.

दोन्ही वाटांवर पहिल्या वर्षीच्या हातातल्या पगारावर हिशेब बांधू नका. रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो, म्हणून नव्या माणसाला तो बहुधा दुसऱ्या वर्षी जूनपासून भरावा लागतो आणि हातातली रक्कम घटते.

संगणकाची पदवी आणि हातात नेमणूक असेल तर मी इंजिनिअरची वाट सांगेन. पदवी नाही, जबाबदाऱ्या कमी आहेत आणि माणसांची सेवा मनापासून आवडते, तर काइगो. जेएलपीटी पुण्यात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. कुणाला पैसे देण्याआधी स्वतः अभ्यास करून एन ४ देऊन बघा.