टॅलिस सॉफ्टवेअर: अल्फाचं काम करणाऱ्यांसाठी माझा अनुभव

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) फिजिक्स शिकवतो, सोबत पीएचडी चालू आहे. आपल्यासारख्यांजवळ ना ॲक्सिलरेटर ना मोठे कॉम्प्युटर, अशांसाठी टॅलिस, म्हणजे अणुकेंद्रावर एखादा कण आदळला तर काय होईल याचं गणित करणारं सॉफ्टवेअर, लय कामाचं आहे म्हणून लिहून राहिलो. कोनिंग, हिलेर आणि गोरिएली यांचं आहे, फोरट्रानमधलं, आणि फुकट. माझ्या 4 जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लायनक्स टाकून मस्त चालतं. डाऊनलोड मात्र गावात बसून करू नका, सोबतचा डेटाचा फोल्डर काही जीबीचा आहे, माझं दोनदा लाईन गेली अन् मधातच तुटलं, शेवटी मामाच्या सेतू केंद्रात रातभर लावून ठेवलं.

इनपुट फाईल चार ओळींची. प्रोजेक्टाईल (मारायचा कण) ए म्हणजे अल्फा, हेलियमचं अणुकेंद्र, एलिमेंट एसएम म्हणजे समॅरियम, मास 144, एनर्जी 12, झालं. समॅरियम-144 वर 12 एमईव्हीची (एमईव्ही हे एनर्जीचं माप) अल्फा मारली, काही सेकंदात क्रॉस सेक्शन, म्हणजे रिॲक्शन होण्याची शक्यता किती त्याचा आकडा, हातात. पहिला आकडा आला तसा मी गाईड मॅडमना पाठवला, त्यांनी एवढंच विचारलं, "कोणतं पोटेन्शियल घेतलं?" पोटेन्शियल म्हणजे अल्फा अन् अणुकेंद्रामधल्या बलाचं गणिती रूप, अन् मला सांगता आलं नाही.

अन् सगळी गोम तिथंच आहे. समॅरियमजवळ अल्फाला कूलॉम्बचा, म्हणजे दोन्हीकडच्या पॉझिटिव्ह चार्जच्या ढकलण्याचा, अडथळा साधारण 20 एमईव्हीचा, आणि ताऱ्याच्या स्फोटात 200-300 कोटी अंश तापमानाला जी एनर्जी लागते ती 9 च्या आसपास, म्हणजे टनेलिंगशिवाय (अडथळा न ओलांडता क्वांटमच्या नियमानं आरपार गेल्याशिवाय) आत जाणंच नाही. बहुतेक अल्फा धुऱ्यावरूनच वापस फिरतात, त्यामुळे एवढ्या खाली इलास्टिक स्कॅटरिंग (अल्फाचं नुसतं आदळून फिरणं) मोजलं तरी ते जवळपास रदरफोर्डचंच, म्हणजे नुसत्या चार्जच्या ढकलण्याचं, दिसते, वावरात आत काय आहे ते कळतच नाही. मग लोक वरच्या एनर्जीचं पोटेन्शियल खाली ओढतात. मॅकफॅडन-सॅचलरचं 1966 चं प्रसिद्ध पोटेन्शियल तसंच, 24.7 एमईव्हीच्या स्कॅटरिंगवर बसवलेलं, खोली 185 एमईव्ही, शोषणाचा (अल्फा आत गिळली जाण्याचा) इमॅजिनरी भाग 25, अन् एनर्जी कितीही असो हे आकडे तेच. पण खाली आलं की रिॲक्शनचे रस्ते कमी उघडे राहतात, मग शोषण तेवढंच कसं राहील? 1998 मध्ये सोमोर्जाई आणि सहकाऱ्यांनी समॅरियम-144 वरचं अल्फा कॅप्चर मोजलं तर खालच्या टोकाला आकडा या पोटेन्शियलच्या अंदाजापेक्षा कितीतरी कमी निघाला. आणि हे काही कोपऱ्यातलं प्रकरण नाही, समॅरियम-144 नं अल्फा गिळली की गॅडोलिनियम-148 बनते, अन् उलट त्या गॅडोलिनियम-148 मधून न्यूट्रॉन निघतो की अल्फा यावर ताऱ्यात समॅरियम-146 आणि 144 किती बनेल ते ठरते, आणि उल्कांमध्ये या समॅरियम-146 च्याच खुणा शोधतात.

टॅलिसची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे अल्फाओएमपी नावाचा एक कीवर्ड. त्यात 8 पर्याय आहेत, 2 नंबरला मॅकफॅडन-सॅचलर, आणि नव्या व्हर्जनमध्ये काही नाही लिहिलं तर 6, म्हणजे अव्रिजानू यांचं 2014 चं. मी छोटी स्क्रिप्ट करून आठही चालवले आणि एकाच लॉग ग्राफवर टाकले. रात्री दीडला स्क्रीनवर पाहिलं तर 20 च्या वर सगळ्या रेषा एकमेकींना चिकटून, अन् जसं 12, 11, 10 वर उतरलो तशा फाकत गेल्या, नंबर बदलला की आकड्यात दहापटीचाही फरक. त्या दिवशी मला माझा विषय खरा समजला. तेव्हापासून मी एक आकडा कधीच देत नाही, कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पूर्ण पट्टा देतो. तुम्हीही पेपरात पोटेन्शियलचं नाव लिहिल्याशिवाय आकडा टाकू नका, हात जोडून सांगतो.

मॅन्युअल शेकडो पानांचं आहे, नवख्याला जड जाते, पण आधी त्यातली नमुन्याची उदाहरणं चालवा, मग ऑप्टिकल मॉडेलचा, म्हणजे याच पोटेन्शियलचा, भाग वाचा. माझ्याकडून 5 पैकी साडेचार. आसपासच्या कोणाला पाहिजे असेल तर पेनड्राईव्ह घेऊन या, फोल्डर अन् स्क्रिप्ट दोन्ही देतो, डाऊनलोडसाठी रात जागायची गरज नाही.