नाडी ठणठणीत, तरी आजाराचं नाव 'पल्सलेस' : पुण्यातल्या एका क्लिनिकचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

क्लिनिकचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला कुणाशी वाद घालायचा नाहीये. पुण्यात आहे, डॉक्टर रूमॅटॉलॉजिस्ट आहेत, म्हणजे आपल्याकडे ज्यांना संधिवाताचे डॉक्टर म्हणतात ते. पेशंट माझी धाकटी बहीण, वय २३, आम्ही बार्शीचे. आजार ताकायासू आर्टरायटिस. आता यात त्या 'ट' चा 'थ' केला की आर्थरायटिस होतं आणि आमच्या अर्ध्या नातेवाइकांनी तेच धरलंय, गुडघ्याला चोळायची तीन तेलं घरात पडून आहेत. गुडघे दुखतच नाहीत तिचे. हा मोठ्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे, शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या भिंतीवर उलटते, भिंत सुजते, जाड होते आणि आतली वाट अरुंद होत जाते.

इथपर्यंत पोचायला आम्हाला दीड वर्ष लागलं. आधी बारीक ताप, वजन ५२ वरून ४५, ईएसआर (अंगात सूज आहे का ते सांगणारी रक्ताची टेस्ट) वाढलेला, म्हणून टीबी असेल म्हणले. चूक नाही म्हणता येणार, आपल्याकडे असा पेशंट आला की पहिला संशय टीबीचाच येतो, गोळ्या चालू करायच्या बेतात होते पण एक्स-रे आणि बाकी टेस्टमध्ये काहीच सापडेना म्हणून थांबले. मग ताप गेला आपोआप आणि सगळ्यांना वाटलं सुटलो. पुढे डोकं दुखायला लागलं, जिना चढला की मांड्या भरून यायच्या, आणि एक दिवस सहज बीपी बघितलं तर १८०/११०. तेव्हा ती एमपीएससीची तयारी करत होती, त्यामुळे एका डॉक्टरांनी सरळ टेन्शनवर ढकललं, मीठ कमी कर, रात्री जागू नको, आणि एक बीपीची गोळी. दुसऱ्यांनी गोळी बदलली. शेवटी बार्शीतच सोनोग्राफी करणाऱ्या मॅडमनी सांगितलं की डावी किडनी उजवीपेक्षा बरीच लहान आहे, हे साधं बीपी वाटत नाही, पुण्याला दाखवा. त्या मॅडमचे उपकार आयुष्यभर.

रात्रीच्या एसटीत मी मोबाइलवर वाचत बसले. जिथं बघावं तिथं एकच, याचं दुसरं नाव 'पल्सलेस डिसीज', मनगटाची नाडी लागत नाही, हात लवकर थकतात, चक्कर येते, नजर अंधुक होते. मी झोपलेल्या बहिणीचं मनगट धरलं तर नाडी ठणठणीत, मी टेंभुर्णीपासून इंदापूरपर्यंत हात धरूनच होते, एक ठोका चुकला नाही. म्हणलं या सगळ्यांचं काहीतरी चुकतंय, हा आजार हिला नाहीच. स्वारगेटला उतरेपर्यंत आईला तसं सांगून पण टाकलं, ते सांगायला नको होतं.

आता क्लिनिक. दुसरा मजला, लिफ्ट आहे पण आम्ही गेलो त्या दिवशी बंद होती आणि ज्या पेशंटला जिना चढवत नाही तिलाच जिना. वेटिंगला खुर्च्या कमी. अपॉइंटमेंट साडेदहाची, आत गेलो दोन वाजता. हे आधीच सांगते म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ताई नुसतं कौतुक करते.

पण आत जायच्या आधी जे झालं त्यासाठी मी हे लिहितेय. तिथं एक मामा आहेत बीपी घेणारे, पन्नाशीचे असतील. आम्ही आजवर जेवढ्या ठिकाणी गेलो तिथं एका हाताचं बीपी घेऊन चिठ्ठीवर आकडा टाकायचे आणि झालं. मामांनी उजव्या हाताचं घेतलं, मग डाव्याचं, मग म्हणाले, "बाळा, पालथी झोप". कपाटातून मोठा पट्टा काढला, मांडीला गुंडाळला, गुडघ्यामागं स्टेथो लावून एका पायाचं घेतलं, मग दुसऱ्याचं. मग परत एकदा चारही. फाईलवर फुलीसारख्या चार घरांत आकडे लिहिले, हात १७८ आणि १७२, पाय १३२ आणि १२८. पायाच्या आकड्यांना लाल पेनानं गोल केला. मी विचारलं पायाचं तर चांगलं आलंय ना मामा, तर म्हणाले, "पायाचं हातापेक्षा थोडं जास्तच पाहिजे ताई. आता सर सांगतील."

सरांनी आधी पोटावर स्टेथोस्कोप ठेवला, छातीवर नंतर. बेंबीच्या वर, मग दोन्ही बाजूला, मग पाठीला कमरेजवळ. बराच वेळ ऐकलं आणि मग त्याच्या नळ्या माझ्या कानात घातल्या. पाणी सोडलेल्या पाइपच्या तोंडाला बोट दाबलं की फुस्स फुस्स होतं ना, अगदी तसं, दर ठोक्याला. सर म्हणाले वाट अरुंद झाली की रक्त असंच आवाज करत जातं, तुमच्या बहिणीची अडचण मनगटात नाही, पोटात आहे.

मी माझं एसटीतलं ज्ञान काढलंच, की नाडी तर लागतेय सर, मग हा पल्सलेस कसा? मला वाटलं चिडतील, पण ते जरा खूश झाल्यासारखे वाटले आणि कागद ओढून चित्र काढायला लागले. ते म्हणाले हे नाव जपानमधून आलंय, आजार पहिल्यांदा १९०८ मध्ये मिकितो ताकायासू नावाच्या डॉक्टरांनी मांडला आणि ते होते डोळ्यांचे डॉक्टर. त्यांना एका तरुण मुलीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं कडं दिसलं, आणि दुसऱ्या दोन जपानी डॉक्टरांनी तशाच पेशंटची मनगटाची नाडी लागत नाही हे सांगितलं. म्हणजे तिकडं आजार जास्त करून महाधमनीच्या वरच्या कमानीत आणि तिथून मान-हाताकडं जाणाऱ्या फांद्यांमध्ये होतो, मेंदू आणि डोळ्याला रक्त कमी पडतं, म्हणून चक्कर, म्हणून डोळे, म्हणून नाडी गायब. पुस्तकात तेच चित्र गेलं. आपल्याकडं पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्या या आजारात सापडायचं प्रमाण जास्त. किडनीला रक्त कमी पोचलं की तिला वाटतं सगळ्या शरीरातच दाब कमी झालाय, ती रेनिन नावाचं द्रव्य सोडते आणि बीपी चढतं. म्हणून इथली पेशंट डोळ्याच्या डॉक्टरकडं जायच्या ऐवजी बीपी घेऊन येते आणि टेन्शनची गोळी घेऊन परत जाते. हे शेवटचं वाक्य सरांचंच आहे बरं का. आणि वय कमी, बीपी जास्त आणि किडनीची धमनी अरुंद असं भारतात दिसलं की त्यामागं सगळ्यात जास्त वेळा हाच आजार निघतो म्हणे.

घरी आल्यावर मी जरा शोधलं, सर उगाच बोलत नव्हते. भारतातल्या आणि जपानमधल्या पेशंटची शेजारी शेजारी तुलना १९९७ मध्ये छापून आलीय, दोन्ही देशांतल्या डॉक्टरांनी मिळून केलेली. त्यात अजून एक गोष्ट आहे, जपानमध्ये जवळजवळ सगळ्या पेशंट बायकाच, आपल्याकडे बायका जास्त पण पुरुषही बऱ्यापैकी. म्हणजे घरात मुलगा असेल आणि कुणी म्हणालं की हा बायकांचा आजार, तर ऐकू नका. निदानाच्या याद्यांचंही तसंच, अमेरिकेतली १९९० ची यादी घ्या, सहातल्या बऱ्याच खुणा हाताच्या, हात थकणं, हाताची नाडी मंद, दोन हातांच्या बीपीत १० पेक्षा जास्त फरक. माझ्या बहिणीच्या दोन हातांत फरक ६ चा, तो पण त्यात बसत नाही. जपानी यादीत चंडीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधल्या डॉक्टर शर्मा यांनी बदल सुचवले ते १९९६ मध्ये, इथले पेशंट निसटू नयेत म्हणून. आता नवीन याद्यांमध्ये स्कॅनला महत्त्व आहे, ते बरंय.

गंमत म्हणजे जीन बघितला तर दोन्हीकडं तोच सापडतो, एचएलए-बी ५२, जपानमध्ये पण आणि भारतात पण. मग एकाच जीनच्या जोरावर तिकडं मान आणि इकडं पोट का? याचं पक्कं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. टीबीचा संबंध असावा असा संशय जुना आहे, सिद्ध झालेला नाही. मी सरांना विचारलं की आमच्या पाण्यात काही आहे का, बार्शीच्या. हसले नुसते. आणि हे पण सांगितलं की सगळ्याच भारतीय पेशंटचं पोटातच असतं असं समजू नका, हाताची नाडी गेलेल्या पण येतात, म्हणूनच चार ठिकाणी बीपी.

देशागणिक फरकाचं अजून एक उदाहरण, याचाच एक लांबचा भाऊबंद आजार आहे, जायंट सेल आर्टरायटिस, त्यात कानशिलाजवळची शीर सुजते, पन्नाशीनंतर होतो, आणि तो जास्त करून नॉर्वे-स्वीडनकडच्या लोकांना आणि अमेरिकेत मिनेसोटाला त्यांची वस्ती आहे तिथं. आपल्याकडे फार क्वचित.

उपचारांबद्दल. पहिल्याच दिवशी सरांनी एक गोळी बंद केली, रामिप्रिल, आधीच्या डॉक्टरांनी दिलेली. ती बीपीची चांगलीच गोळी आहे, पण दोन्ही किडन्यांच्या धमन्या अरुंद असतील तर तीच किडनीला महागात पडते, आणि तिचं क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढतं ते) ०.९ वरून १.७ वर गेलेलं होतं. दुसरी गोळी दिली, क्रिएटिनिन उतरलं. (म्हणून आपापल्या मनानं कुणी गोळी बंद करू नका, विचारा फक्त.) सीटी अँजिओ म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन झाला, दोन्ही धमन्या अरुंद निघाल्या, डावी जास्त. मग सूज आणि प्रतिकारशक्ती दाबायला स्टिरॉइड आणि मेथोट्रेक्सेट. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, हे मामांनी वेगळं, सरांनी वेगळं आणि केमिस्टनं वेगळं सांगितलं, कारण लोक चुकून रोज घेतात आणि जिवावर बेततं. आमचा वार गुरुवार. आणि हे सगळं चालू करायच्या आधी टीबीच्या टेस्ट परत केल्या, कारण आपल्या देशात कित्येकांच्या अंगात टीबी झोपलेला असतो आणि प्रतिकारशक्ती दाबली की तो उठतो. फुगा घालून धमनी उघडायचं म्हणजे प्लास्टी नंतर, आधी सूज शांत झाली पाहिजे, नाहीतर परत बंद पडायची शक्यता जास्त.

एक गोष्ट मला फार आवडली. आईनं हळूच विचारलं, लग्नाचं कसं. सरांनी आईकडं न बघता बहिणीला विचारलं, "तुझा काय विचार आहे?" आणि मग सांगितलं की लग्न कर, नको कोण म्हणतंय, पण मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस राहून चालणार नाही, ठरलं की आधी मला सांग, गोळी बदलू. ती नुसती मान हलवत होती, पण खाली उतरल्यावर दोन प्लेट साबुदाणा वडा खाल्ला, कित्येक महिन्यांनी.

दर वेळी एक फॉर्म भरतात, गेल्या तीन महिन्यांत नवीन काय झालं याचा. आजार आत किती चालू आहे ते मोजायला, त्याला आयटीएएस म्हणतात, त्यातला 'आय' इंडियनचा, आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी केलाय, ४४ मुद्दे आणि त्यातले ३३ हृदय आणि रक्तवाहिन्यांचे. नुसत्या ईएसआरवर विश्वास ठेवत नाहीत, कारण ईएसआर शांत असला तरी आत आजार चालू असू शकतो. आणि दर वेळी चारही बीपी. मामा सुट्टीवर होते तेव्हा नवीन पोरगी फक्त हाताचं घेऊन सोडत होती तर बहिणीनं स्वतःच सांगितलं, पायाचं राहिलं.

आता तक्रार, जिच्यासाठी एक स्टार कापलाय. निघताना हातात एक माहितीपत्रक देतात. इंग्रजी, झेरॉक्सची झेरॉक्स, आणि पहिलीच ओळ काय तर पल्सलेस डिसीज! चित्रात मान, हात, डोळा. पोट नाहीच, किडनी नाहीच, बीपी शेवटच्या ओळीत. अहो, आत सर अर्धा तास कागदावर चित्र काढून समजावतात आणि बाहेर रिसेप्शनवर तेच जपानचं पान हातात देतात. बाहेरगावचा पेशंट घरी गेल्यावर तेच वाचणार, आणि माझ्यासारखीच एखादी मनगट धरून म्हणणार की नाडी आहे, म्हणजे काही नाही, आणि गोळ्या सोडून देणार. मी काउंटरवर सांगितलं, मॅडम म्हणाल्या कंपनीकडून आलेलं आहे. मराठीत एक पान छापायला किती खर्च येतो? मी लिहून देते म्हणाले, फुकट.

जाता जाता एक. आमच्या एसटीच्या वाटेवर भिगवण लागतं. तिथं लोक मासे खायला आणि फ्लेमिंगो बघायला थांबतात, पण पुण्याच्याच डॉक्टर अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये तिथं घरोघरी जाऊन सांधेदुखीचा सर्व्हे केला होता, त्यातून कळलं की आमवात, म्हणजे रूमॅटॉइड, साधारण अर्धा टक्का लोकांना. मला हे माहीत नव्हतं, आता तिथून बस गेली की आठवतं. असं कुणीतरी गावात येऊन मोजलं तरच कळणार ना इथं काय आहे ते.

कुणाला जायचं असेल तर : फी ८००, फॉलोअपला ५००, यूपीआय चालतं. फोन पाच-सहा वेळा लावल्याशिवाय उचलत नाहीत, सकाळी नऊला लावा. शनिवार टाळा. पायजमा किंवा सैल सलवार घालून जा, मांडीचा पट्टा जीन्सवरून लागत नाही, मामा परत पाठवतात बदलून यायला. आणि सोबत डबा ठेवा, दोन वाजेपर्यंत नंबर लागत नाही.