तातीच्या तारांवर बुक्सटेहुडे

धरमपेठेतील एका छोट्या सभागृहात ऐकलेली ही मैफल नागपूरकर रसिकांसाठी खरोखर दुर्मीळ होती. सतराव्या शतकातील युरोपीय संगीतकार डीटरिख बुक्सटेहुडे मुख्यतः ऑर्गनच्या रचनांसाठी ओळखला जातो. व्हायोलिन, व्हायोला दा गांबा (गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचे तंतुवाद्य, थोडक्यात गांबा) आणि हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचे, पट्ट्यांचे तंतुवाद्य) यांच्यासाठी त्याने १६९० च्या दशकात दोन संचांत प्रसिद्ध केलेल्या चौदा सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचना, मात्र क्वचितच वाजवल्या जातात.

वाद्ये त्या काळच्या घडणीची होती आणि जुळवणीचा आधारस्वर आजच्या ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झला, म्हणजे सुमारे अर्धा स्वर खाली लावलेला होता. आतड्याच्या तारांवरचा ताण त्यामुळे कमी राहतो आणि सारंगी ऐकणाऱ्या कानाला ओळखीचा वाटेल असा किंचित खरखरीत, पण ऊबदार नाद उमटतो. गांबावादक तळहात वर ठेवून, गज खालून धरून वाजवत होते; या सोनाटांत गांबा केवळ खर्जाची साथ करत नाही, तर व्हायोलिनशी बरोबरीने सवाल-जवाब करतो, आणि ते नाते वादकांनी फार समजून मांडले.

पावसाळी दमटपणामुळे तारा सतत उतरत होत्या, परंतु प्रत्येक रचनेआधी त्या शांतपणे जुळवून घेण्याचा वादकांचा आग्रह मला योग्यच वाटला. व्यवस्था मात्र कमी पडली. हार्पसिकॉर्डमध्ये तार पिसाच्या टोकाने छेडली जाते आणि बोटाच्या दाबाने आवाज फारसा वाढवता येत नाही, हे ठाऊक असताना ते मागे ठेवून छताचे पंखे चालू ठेवल्याने मागच्या रांगांना त्याचे बारकावे ऐकूच आले नाहीत. पुढच्या खेपेस पहिल्या तीन रांगांतलीच जागा घ्यावी.