साडेसहा दाणे उगवत नसतात : 'आर'मधले क्वांटाइलचे आलेख

'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरला पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला, ते सविस्तर सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सीएचबीवर संख्याशास्त्र शिकवतो. सीएचबी म्हणजे घड्याळी तासिका. तास झाला तर पैसे. कधी, ते विचारायचं नाही. वर्गात सहा पोट्टे आणि माझा चार जीबीचा जुना लॅपटॉप. असल्या संसारात विकतचं सॉफ्टवेअर परवडत नाही. 'आर' फुकट आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवता येतं, आणि एकदा बसवलं की नेट नसलं तरी चालतं. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ते सुरू केलं, नाव दोघांच्या आद्याक्षरावरून पडलं, आणि १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. तीन वर्षं वापरतोय. लाइट गेली तर बॅटरीवर वीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात द्विपद वितरण सहज आटोपतं.

उदाहरण घरचंच घेतलं. पेरणीआधी बाबा सोयाबीनची उगवण तपासतात : ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, वरून दुसरं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचं. आठवडाभरानं उलगडून कोंब मोजायचे. शंभरात सत्तर निघाले तर एकरी तीस किलो. एका ओळीत किती उगवतील, हे झालं द्विपद वितरण : दहा दाणे, शक्यता ०.७.

'आर'ची पद्धत मला फार आवडते. वितरणाच्या नावाआधी एक अक्षर लावायचं. डी लावलं तर नेमकी तेवढ्याची शक्यता, पी लावलं तर तिथवरची बेरीज, आर लावलं तर नमुने, आणि क्यू लावलं तर क्वांटाइल, म्हणजे दिलेल्या बेरजेला पोचायला लागणारी संख्या. द्विपदाचं नाव तिथं बायनॉम, म्हणून क्यूबायनॉमला ०.५ दिलं की ७ येतं. म्हणजे ज्या लहानात लहान संख्येपाशी बेरीज अर्ध्याला पोचते, ती सात. उत्तर कायम पूर्ण दाण्यात. इथवर तक्रार नाही.

तक्रार आलेखाची. क्यूबायनॉमचं चित्र काढायला मी सरळ कर्व्ह ही आज्ञा दिली, शून्य ते एक. पडद्यावर जे आलं ते लांबून पायऱ्यांसारखं, पण प्रत्येक चढ किंचित कललेला, जसा आमच्या कॉलेजचा जिना. मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, हे तिरपं काऊन आलं? साडेसहा दाने कसे उगवतीन जी?"

बरोबर होतं तिचं. कर्व्ह काहीही न सांगता १०१ ठिकाणी किंमत काढते आणि ठिपके रेघेनं जोडत जाते. ०.३५ ला उत्तर ६, ०.३६ ला ७, मधे तिरपी रेघ. खरी उडी ०.३५०४ च्या आसपास आहे, आणि ती उडी आहे, चढ नाही. डाव्या टोकाला तर आणखी गंमत. शून्याला ०, ०.०१ ला एकदम ३. एक दाणा आणि दोन दाणे या दोन पायऱ्या गायब! ठिपके वाढवले तर तिरपेपणा डोळ्याला दिसेनासा होतो, पण जात नाही.

मग म्हटलं पायऱ्या स्वतःच काढू. आडव्या अक्षावर पीबायनॉमच्या बेरजा, उभ्या अक्षावर ० ते १०, आणि प्लॉट या आज्ञेला टाइप 'एस'. इथं मी आपटलो. लहान एस आधी आडवा जातो, मग वर चढतो. मोठा एस आधी चढतो, मग आडवा जातो. मी सवयीनं लहान दिला. चित्र देखणं आलं, काटकोनात, आणि सगळं एका दाण्यानं खाली! ०.५ वर सहा दिसत होते. वर्गात कुणाला कळलं नाही, मलाही नाही. रात्री घरी क्यूबायनॉमशी ताळा केला तेव्हा घाम फुटला. दुसऱ्या दिवशी कबूल केलं. क्वांटाइलला मोठा एस. बेरजेचा आलेख काढायचा असेल तर लहान. एका अक्षराच्या आकारावर एवढं टांगून ठेवणं मला पटलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

आता मी स्टेपफन ही पायऱ्यांचीच आज्ञा वापरतो. तिला उड्यांच्या जागा द्यायच्या आणि उंच्या द्यायच्या. उंच्या एकानं जास्त लागतात, नाहीतर ती तिथंच अडून बसते. इथं दहा जागा, अकरा उंच्या. सोबत 'राइट' खरं म्हणून सांगायचं, म्हणजे उडीच्या नेमक्या जागी खालची पायरी धरली जाते. क्वांटाइलला तेच हवं. पण ही बया रेघ शून्याच्या डावीकडे आणि एकच्या उजवीकडेही ओढते. उणे शक्यता! मर्यादा हातानं घालाव्या लागतात.

उडीच्या जागेवरून वर्गात एक सबंध तास गेला, आणि तो माझा या वर्षीचा सगळ्यात चांगला तास. पीबायनॉमला सहा दाण्यांची बेरीज विचारली, पडद्यावर आलं ०.३५०३८९३. एकानं तोच आकडा बघून क्यूबायनॉमला टाइप केला. उत्तर ७. दुसऱ्यानं टाइप न करता पीबायनॉमच क्यूबायनॉमच्या पोटात घातलं. उत्तर ६. दोघांत जुंपली. मी आधी लॅपटॉपवर संशय घेतला, मग सगळे अंक छापायला लावले : ०.३५०३८९२८१६. पडद्यावर सात अंकांत गोळा करताना आकडा केसभर वर सरकला होता, आणि केसभर वर म्हणजे पुढची पायरी. अखंडित वितरणात, म्हणजे जिथं मधली कुठलीही किंमत चालते तिथं, एवढ्या फरकानं काही बिघडत नाही, इथं पूर्ण एक दाणा हलतो. सॉफ्टवेअर दोन्ही वेळा खरंच बोललं.

क्वांटाइल नावाची वेगळी आज्ञा प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांसाठी आहे. तिच्यात नऊ प्रकार आहेत, आणि काही सांगितलं नाही तर सातवा लागतो. यंदा बाबांच्या ओळी चढत्या क्रमानं लावल्या तर ५, ६, ६, ७, ७, ७, ८, ८, ९, ९. पाव हिश्शाचं क्वांटाइल विचारलं तर उत्तर ६.२५. सव्वासहा दाणे! प्रकार १ मागितला तर सहा. मोजायच्या वस्तूंना मी आता एक नंबरच देतो.

पॉयसॉनबद्दल, म्हणजे ठरावीक वेळात किती घटना घडतील त्याच्या वितरणाबद्दल, एकच. कामगंध सापळ्यात रोज सरासरी तीन पतंग धरले तर ०.९५ ला ६ येतं, पण १ ला 'इन्फ', म्हणजे अनंत. आलेखाची उजवी मर्यादा एकच्या अलीकडे ठेवा.

ज्यांना आज्ञा लिहायचा कंटाळा असेल, त्यांच्यासाठी लिब्रेऑफिसचं कॅल्क वाईट नाही. पायऱ्यांची रेघ तिथं यादीतून निवडता येते. तिथंही आडवं आधी की उभं आधी, हे बघून घ्या.

बाबांना हे सगळं दाखवलं. सांगितलं, बी खरोखर सत्तर टक्क्यांचं असलं तरी साधारण वीस वेळांतून एकदा शंभरात बासष्ट किंवा त्याहून कमी उगवतील. त्यांनी आलेख नीट बघितला, बोटानं एकेक पायरी चढले, आणि म्हणाले, "मंग पेरू का नको, थे सांग." यंदाच्या दहा ओळींची बेरीज बहात्तर होती. पेरा म्हटलं.

वर्गासाठी त्याच आलेखाची प्रिंट काढली. उभ्या रेघा फलनाच्या नसतात, पण पोट्ट्यांची नजर चुकू नये म्हणून मी त्या फिकट राखाडी ठेवल्या होत्या. झेरॉक्सवाल्याचा टोनर संपत आलेला, त्यामुळं सगळ्या उडाल्या. राहिल्या फक्त आडव्या पायऱ्या. दहा रुपये दिले आणि तीच प्रिंट फळ्यावर लावली.