गोल वाचला तरी चूकच: डिफेन्समन भाच्याच्या व्हिडिओ अहवालाबद्दल

भाचा 15 वर्षांचा, आइस हॉकीत डाव्या बाजूचा डिफेन्समन, म्हणजे बचावपटू. हा सुधारतोय की नुसता उंच होतोय, यावरून घरात दोन तट. ताईच्या मते सुधारतोय. त्याचे कोच मोघम बोलतात. मी शाळेत मैदानी हॉकी खेळलोय, त्यामुळे माझं मत कुणी न विचारताच तयार असतं. शेवटी त्याच्या दोन मॅचचं माझं शूटिंग एका ऑनलाइन व्हिडिओ विश्लेषणवाल्यांना पाठवलं. दहा दिवसांत देतो म्हणाले आणि तीन आठवडे लावले. आला तो 32 पानी अहवाल, सोबत कापलेल्या क्लिप.

ज्या क्लिपमुळे पैसे वसूल झाले, ती आधी सांगतो. दुसरा पीरियड, टू-ऑन-वन. समोरून दोघं सुसाट येतायत, आपल्या बाजूला भाचा आणि गोली एवढेच. भाचा पकवाल्याच्या (पक म्हणजे खेळायची रबरी चकती) अंगावर धावतो आणि बर्फावर लोळण घेतो. पक त्याच्या पायांवरून पलीकडे जातो, दुसऱ्याला अख्खी जाळी मोकळी, आणि तो पठ्ठ्या बाहेर मारतो! स्टँडमध्ये टाळ्या. मीही वाजवल्या होत्या. अहवालात शेरा: निर्णय चुकीचा.

कारण खाली नीट लिहिलं होतं. टू-ऑन-वनमध्ये शॉट गोलीने बघायचा, पास डिफेन्समनने. दोघांच्या मधे राहायचं, स्टिक बर्फावर टेकवून पासची वाट अडवायची, आणि मागे सरकत सरकत आपला फॉरवर्ड परत येईपर्यंत वेळ काढायचा. लोळण हा अगदी शेवटचा उपाय. भाच्याने तोच पहिला केला.

त्याच्या खालची क्लिप पहिल्या मॅचची. प्रसंग तोच, पण या वेळी भाचा बरोबर मधे, पास बंद. पकवाल्याला बाजूने, अवघड कोनातून मारावं लागलं आणि पक गोलीच्या पॅडखालून आत गेला. या गोलवरून पोरगा दोन दिवस जेवताना बोलला नव्हता. प्लस-मायनसमध्ये त्याच्या नावावर एक उणे लागलं ते लागलंच. तो आकडा असाच आहे: दोन्हीकडे सारखे खेळाडू असताना गोल खाल्ला की गोली सोडून बर्फावर असलेल्या सगळ्यांना वजा एक, मग चूक कुणाची का असेना. इथे शेरा होता: निर्णय बरोबर, पुढेही असंच खेळ. भाचा नुसता "हं" म्हणाला. पण ती क्लिप त्याने चार वेळा पाहिली.

कोपऱ्यातला पक काढायला जातानाचा भागही चांगला आहे. पक हातात येण्याआधी खांद्यावरून मागे बघायचं, म्हणजे पाठीवर कोण येतंय आणि जोडीदार कुठे मोकळा आहे ते कळतं. याने 11 पैकी फक्त 4 वेळा पाहिलं. न पाहता मारलेले पक बहुतेक बोर्डला, म्हणजे कडेच्या भिंतीला, घासत थेट समोरच्यांच्या स्टिकवर. मी दोन्ही मॅच डोळ्यांत तेल घालून पाहिल्या होत्या, पण मी बघत होतो पककडे. त्याच्या मानेकडे बघायचं मला सुचलंच नव्हतं.

आता तक्रारी. गोलसमोरच्या मार्किंगवर त्यांनी दोन पानं लिहिली आहेत. माझा कॅमेरा पकच्या मागे फिरत होता, त्यामुळे निम्म्या वेळा भाचा फ्रेममध्येच नाही. दिसत नाही असं सरळ लिहायचं ना! "हॉकी सेन्स 6.5" कुठून आलं, देव जाणे. आणि 'कुणासारखा खेळतो' या रकान्यात चक्क निकलास लिडस्ट्रॉम. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या बड्या लीगमध्ये मोसमातल्या सर्वोत्तम डिफेन्समनला मिळणारी नॉरिस ट्रॉफी सात वेळा मिळवलेला माणूस तो! खरं तर लिडस्ट्रॉमलाही 1989च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 53व्या क्रमांकापर्यंत कुणी उचललं नव्हतं. झ्डेनो चारा या दुसऱ्या नावाजलेल्या डिफेन्समनचं तेच, 1996मध्ये 56वा. एनएचएलच्या स्काउटांना जे धड ओळखता येत नाही, ते भविष्य या मंडळींनी दोन मॅचवर वर्तवलंय. ती पानं मी ताईला दाखवली नाहीत.

सगळ्यात जास्त खटकलं ते गॅपबद्दल. समोरून येणाऱ्यापासून साधारण स्टिक-दीड स्टिकवर राहायला हवं, हा फारच मागे सरतो आणि निळी रेषा, म्हणजे आपल्या बचावाच्या भागाची हद्द, फुकटात देऊन टाकतो. निरीक्षण शंभर टक्के खरं. तिथून गोलरेषा 64 फूट, तेवढी जागा समोरच्याला आंदण. पण कारण काय लिहिलंय? "आत्मविश्वास कमी."

नशिबाने अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल वेगळे पैसे भरून घेतला होता. तिथल्या विश्लेषकाने क्लिप थांबवून भाच्याला विचारलं, इथे तुला काय दिसत होतं? भाचा म्हणाला, आमचा फॉरवर्ड परत येतोय की नाही तेच कळत नव्हतं. झालं, उलगडा तिथेच झाला. पाठलाग करणारा आपला माणूस असेल तर रेषेवर ठाम उभं राहता येतं. तो नसेल, तर मागे सरणं हाच शहाणपणा. गॅपच्या सहा क्लिपपैकी दोनमध्ये फॉरवर्ड खरोखरच आला नव्हता, म्हणजे त्या दोन ठिकाणी भाचा बरोबर होता. उरलेल्या चारांत त्याने बघितलंच नव्हतं. पुन्हा ती मान! हा कॉल मूळ पॅकेजमध्येच हवा होता. नुसता अहवाल घेणार असाल तर मी म्हणेन, थांबा.

मोसम संपताना पुन्हा दोन मॅच पाठवणार आहे. या वेळी कॅमेरा सगळ्यात वरच्या रांगेतून, अख्खं रिंक दिसेल असा. भाच्याची अट एकच, शूटिंग करताना मामाने तोंड उघडायचं नाही. त्या लोळणीच्या क्लिपमध्ये तो पडायच्या सेकंदभर आधी माझा आवाज स्वच्छ ऐकू येतो: "घाल अंगावर!"