गोबरगॅसवर वीज आणि त्याच इंजिनाचं गरम पाणी : गोठ्यातले नऊ महिने

श्रावणात बसवलेल्या इंजिनाचं तास-मीटर आज १,५४० दाखवतंय. पावसाळ्याचा शेवट, हिवाळा आणि आता वैशाखाचं ऊन असे तिन्ही ऋतू त्याने काढले, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आमचा गोठा संगमनेर तालुक्यात. लहानमोठी धरून सत्तर जनावरं, त्यातल्या अडतीस गाई दुधात. रोजचं टनभर शेण. त्यात तेवढंच पाणी कालवून डायजेस्टरमध्ये, म्हणजे शेण कुजवण्याच्या बंद टाकीत, सोडतो. त्याचा ३५ ते ४० घनमीटर गॅस होतो आणि फुग्यात साठतो. इंजिन १५ केव्हीएचं, निव्वळ गॅसवर चालणारं. पहाटे साडेचार ते साडेसात आणि संध्याकाळी तेवढेच तास, म्हणजे धारांच्या वेळेलाच ते चालवतो. दिवसाला ४५ ते ५० युनिट पडतात.

बघायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न युनिटचाच विचारतो. मी त्यांना उलट विचारते, तुम्हाला रोज गरम पाणी किती लागतं? या यंत्राचा सगळा हिशेब त्या उत्तरावर आहे.

माझे वडील साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे साखर शिजवायच्या भांड्यावर, होते. लहानपणी डबा द्यायला गेले की ते दाखवायचे: बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, बॉयलर, बॉयलरची वाफ टर्बाइनला, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ रस उकळायला. एकाच जळणाची दोन कामं. त्यामुळे विक्रेत्याने मला फक्त विजेचा कागद दाखवला तेव्हा मी विचारलं, बाकीची उष्णता कुठे जाते? तो म्हणाला, रेडिएटरमधून बाहेर. त्या एका उत्तरावर आम्ही ऑर्डर महिनाभर थांबवली आणि उष्णता पकडण्याची जोडणी घालूनच इंजिन घेतलं.

गणित सोपं आहे. एक घनमीटर गोबरगॅसमध्ये साधारण सहा युनिटांइतकी उष्णता असते. आमच्याएवढं इंजिन त्यातून सव्वा युनिट वीज काढतं. उरलेली पावणेपाच युनिटं जॅकेटच्या (इंजिन गार ठेवायला त्याच्याभोवती फिरणाऱ्या) पाण्यातून, धुरातून आणि इंजिनाच्या अंगावरून जातात. त्यातली अडीच आम्ही परत मिळवतो, म्हणजे विजेच्या दुप्पट. नुसत्या विजेसाठी गोबरगॅस इंजिन घेणारा माणूस मोठा वाटा हवेत सोडतो, आणि मला ते बघवत नाही.

जोडणी अशी आहे. जॅकेटचं पाणी रेडिएटरला जाण्याआधी प्लेट हीट एक्स्चेंजरमधून फिरतं; त्यात एका पाण्याची उष्णता न मिसळता दुसऱ्या पाण्याला मिळते. सायलेन्सरच्या आधी, धुराच्या नळीवर दुसरा एक्स्चेंजर आहे. दोन्हींची उष्णता हजार लिटरच्या जाड लोकर गुंडाळलेल्या टाकीत येते. दोन वेळचं मिळून हजार लिटर पाणी ७५ अंशांपर्यंत तापतं. एवढं पाणी विजेवर तापवायचं तर रोज साठेक युनिट लागली असती.

पूर्वी आत्याबाई पहाटे साडेतीनला उठून चुलाणावर पाणी ठेवायच्या. रोज वीसेक किलो लाकूड जळायचं, चारशे लिटरच्या वर पाणी कधी व्हायचं नाही, आणि पावसात ओल्या लाकडाच्या धुराने त्यांचा खोकला दिवसभर चालायचा. मिल्किंग मशीनच्या नळ्या धुवायला क्षाराचं पाणी ७० अंशांच्या पुढचं लागतं. धुता धुता ते ४० च्या खाली उतरलं की सुटलेला लोण्याचा थर परत नळीला बसतो. आमचं पाणी नेहमी तिथेच कमी पडायचं. आता क्लस्टर (सडांना लावायचे कप), नळ्या आणि बल्क कूलर (दूध गार ठेवायची टाकी) दोन्ही वेळेला पुरेशा गरम पाण्याने निघतात. आमच्या दुधाची एमबीआरटी चाचणी होते. तिच्यात दुधात निळा रंग घालतात; जिवाणू जितके कमी तितका तो जास्त वेळ टिकतो. पूर्वी तो साडेतीन तासांत उडायचा. आता पाच तासांच्या पुढे टिकतो. वासरांचं दूध कोमट करायलाही वेगळी शेगडी लागत नाही. आत्याबाई साडेपाचला उठतात. माझ्या लेखी या यंत्राची सगळ्यात मोठी कमाई हीच.

हिवाळ्यात आम्ही एक चूक सुधारली. डिसेंबरात डायजेस्टरचं तापमान २३ अंशांवर आलं आणि गॅस तिसऱ्या हिश्श्याने घटला. शेण कुजवणाऱ्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब लागते. भाऊजींनी कालवणाच्या टाकीत नळीचं वेटोळं घालून इंजिनाचं गरम पाणी फिरवलं, म्हणजे शेण आत जातानाच गरम होऊन जातं. तीन आठवड्यांत तापमान ३४ झालं आणि गॅस पूर्ववत. फक्त वेटोळ्यातलं पाणी ५५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. पहिल्या आठवड्यात ते सत्तरवर गेलं, तर नळीवर शेण भाकरीच्या पापुद्र्यासारखं भाजून बसलं आणि उष्णता पलीकडे जाईना. ते उलथन्याने खरवडून काढावं लागलं.

आता त्रासाचं सांगते. खरा शत्रू गॅसमधला गंधक, हायड्रोजन सल्फाइड. इंजिनासोबत आलेला फिल्टर आमच्या गॅसला फारच लहान होता. तेल अडीचशे तासांनी बदला असं सांगितलं होतं, पण एकशे वीस तासांतच ते डांबरासारखं काळं झालं आणि कुजक्या अंड्याचा वास येऊ लागला. ऑक्टोबरात बेअरिंगचं बुश खाल्लेलं निघालं. अठरा दिवस इंजिन बंद. विक्रेत्याने हात वर केले, खर्च आम्हीच भरला.

शेवटी लेथवाल्याकडून लोखंडाचा कीस पोत्याने आणला, पाणी मारून गंजवला आणि दोन उभ्या पिंपांत भरला. गॅस त्यातून गेला की गंधक गंजाला धरून बसतो. एक पिंप वापरात, दुसरं मोकळं. काळा पडलेला कीस हवेत पसरला की परत तांबूस होतो आणि पुन्हा वापरता येतो. पण पसरताना जपा. पहिल्यांदा आम्ही तो एका जागी ढीग करून ठेवला, दहा मिनिटांत आतून धूर निघायला लागला, फावडं घातलं तर हाताला चटका बसला. पातळ पसरायचा, पाणी शिंपडत राहायचं, आजूबाजूला कडबा नको. तेव्हापासून तेल दोनशे तास टिकतं.

गंधकामुळेच धुरातून सगळीच्या सगळी उष्णता काढायचा मोह टाळा. धूर फार गार केला की त्यातली वाफ पाणी होते आणि तिचं आम्ल बनतं. आमचा साध्या पत्र्याचा पहिला एक्स्चेंजर तसाच चाळण झाला. आता स्टेनलेसचा आहे आणि धूर दीडशे अंशांवरच बाहेर सोडतो. गॅसच्या नळीतलं पाणीही रोज सकाळी तोटी उघडून काढायचं, नाहीतर इंजिन मध्येच दम खातं. इंजिनाच्या खोलीला वर आणि खाली दोन्हीकडे जाळ्या ठेवा. मिथेन वर जातो, विषारी गंधकी वायू खाली बसतो.

बल्क कूलरचा कॉम्प्रेसर सुरू होताना दिवे मंदावायचे, एकदोनदा इंजिन बंदच पडलं. मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवल्यावर आणि कुट्टी मशीन धारांच्या वेळेत चालवायचं नाही असं ठरवल्यावर तो प्रश्न मिटला.

मग लाइटचं कनेक्शन तोडायचं का? नाही. महिन्याला एकोणीसशेच्या आसपास युनिट लागायची, आता बाहेरून साडेसहाशे घेतो. दुपारी आणि रात्री तीच वीज लागते, इंजिन बंद असलं तर सगळाच आधार तिचा, आणि स्थिर आकार वापर कमी झाला तरी भरावाच लागतो. आम्ही वीज बाहेर विकत नाही. चेंजओव्हर स्विच टाकून एका वेळी एकच स्रोत वापरतो. ऐन धारेत लाइट गेली की रोज सरासरी चार लिटर डिझेल जायचं, ते मात्र पूर्ण थांबलं.

डायजेस्टरला सात लाख, इंजिनाला पाच, उष्णतेच्या जोडणीला एक लाख वीस हजार लागले. यातला सगळ्यात लवकर वसूल होतोय तो शेवटचा आकडा, आणि नेमका तोच लोक कोटेशनमधून कापायला सांगतात. ज्यांच्याकडे रोज शेण आहे पण गरम पाण्याचं काम नाही, त्यांनी गॅस थेट चुलीला वापरावा, इंजिनाच्या नादी लागू नये.

सध्या उन्हाळ्यात डायजेस्टर आपोआप गरम राहतो, त्यामुळे संध्याकाळी तीनशे लिटर गरम पाणी उरतं. त्यासाठी दुहेरी तळाची स्टेनलेसची कढई सांगितली आहे, पनीर करायला. टाकीच्या पाण्यावर दूध सत्तरपर्यंत येईल. पनीरला ते नव्वदच्या जवळ न्यावं लागतं, तेवढे वरचे अंश फुग्यातल्या गॅसच्या शेगडीवर. कढई पुढच्या पंधरवड्यात येईल.