बायोडेंटिन : तालुक्याच्या दवाखान्यासाठी कसं आहे?

कीड काढता काढता टाचणीच्या टोकाएवढी नस उघडी पडली, आणि पेशंट घाटंजीकडच्या खेड्यातून एस.टी.ने आलेला. कापूस वेचणीच्या दिवसांत तो रूट कॅनॉलसाठी पुन्हा पुन्हा येणं कठीणच. अशा दातासाठी, उघड्या नसेवर झाकण म्हणून लावायला (याला कॅपिंग म्हणतात), सेप्टोडॉन्ट कंपनीचं बायोडेंटिन हे सिमेंट महाग असूनही ठेवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारण पल्पच्या, म्हणजे दातातल्या नसेच्या, पेशी. डायकल या कॅपिंगच्या मटेरियलमधलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड पल्पचा वरचा थर जाळतं, मग खाली डेंटिन ब्रिज, म्हणजे डेंटिनचा (इनॅमलखालच्या दाताच्या थराचा) पूल, बनतो. पण त्यात बोगद्यासारखी छिद्रं राहतात आणि डायकल स्वतः हळूहळू विरघळतं. बायोडेंटिनही ताजं असताना अल्कलीच असतं, पण सेट झाल्यावर त्याच्या संपर्कात पेशी जगतात, वाढतात. त्याने पल्पच्या पेशी टीजीएफ-बीटा 1 हे वाढीचा निरोप देणारं प्रथिन जास्त सोडतात, आणि नवं डेंटिन बनवायला हाच निरोप लागतो. एमटीए हे दुसरं सिमेंटही पेशींना मानवतं, पण मूळ एमटीए सेट व्हायला पावणेतीन तास लागतात आणि त्यातल्या बिस्मथ ऑक्साइडने दात काळवंडतो. लाइटने सेट होणारं थेराकॅल झटपट आहे खरं, पण प्रयोगशाळेत त्यातल्या रेझिनने पेशी बायोडेंटिनपेक्षा जास्त मरतात. उघड्या नसेवर ते नकोच.

आता हात कुठे चुकतो ते. आधी रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा). अडीच टक्के हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलका दाबून धरा. दहा मिनिटांतही रक्त थांबलं नाही, तर आतला पल्प सुजलेला आहे; कॅपिंग सोडा, पल्पोटॉमी करा (पल्पचा वरचा भाग काढा), मटेरियल हेच चालेल.

कॅप्सूल टेबलावर हलकी आपटून पावडर मोकळी करा. द्रवाची नळी ठोकून बुडबुडा वर काढा, उभी धरा आणि मोजून 5 थेंब टाका. सहावा पडला की मिश्रण पातळ होतं, उशिरा सेट होतं आणि कच्चं राहतं. चारच पडले तर भुगा होतो. मग अमाल्गमेटरमध्ये (कॅप्सूल हलवून मिसळणाऱ्या मशीनमध्ये) मिनिटाला 4000 ते 4200 फेऱ्यांवर 30 सेकंद. मशीन इन्व्हर्टरवरच ठेवा. मध्येच लाइट गेली तर कोरडे कण राहतात, ते हाताने घोटून नीट मिसळत नाहीत. वैशाखात पंख्याखाली मिश्रण भराभर सुकतं, म्हणून पंखा बंद करून भरा.

मिसळल्यापासून 12 मिनिटं पाणी लागू देऊ नका. या 12 मिनिटांची घाई सगळ्यात महागात पडते : वरून फवारा मारला की पृष्ठभाग धुऊन जातो.

तक्रार दोन गोष्टींची. एक्स-रेमध्ये ते डेंटिनसारखंच दिसतं, त्यामुळे पुढच्या डॉक्टरला कळावं म्हणून केसपेपरवर नोंद हवीच. दुसरं, टाचणीएवढ्या जागेला 0.7 ग्रॅमची अख्खी कॅप्सूल जाते. तेव्हा फक्त ठिपका झाकून उरलेलं फेकू नका. डेंटिनची सगळी पोकळी त्यानेच भरा, वेगळा बेस (आधाराचा थर) लागत नाही.